एकसष्ट इंची

त्या तळघरात टीव्ही आधी आला,
जिना नंतर.
रायमोने स्वतः बांधला तो, बर्चच्या फळ्यांचा, वळणावर अरुंद,
आणि शेवटचा खिळा ठोकल्यावर त्याच्या ध्यानात आलं
की हे धूड आता जन्मात वर जायचं नाही.
‘राहू दे,’ म्हणाला असेल.
फिनिश माणूस. तेवढं तरी बोलला असेल का, शंकाच आहे.

मी ओरेस्ट. थंडर बेमध्ये असले टीव्ही दुरुस्त करणारा
बहुधा शेवटचा.
पोरं म्हणतात, मोडीत काढा, सपाट घ्या, भिंतीला टांगा.
मी म्हणतो, फोन आला की जावं.

उणे एकतीस. गाडीची काच आतून गोठलेली.
हिल्काने दार उघडलं, बूट काढायच्या आधीच सांगितलं,
‘माणसांना लाल कडा आल्यात.
प्रत्येकाच्या डाव्या खांद्याशी
आणखी एक जण उभा असतो.’

मागचं झाकण काढलं.
आत अंधार, धूळ, एक तिरका आरसा
आणि तळाला तीन नळ्या ओळीने,
लाल, हिरवी, निळी,
चुलाण्यावर तीन पातेली मांडावीत तशा.
एकीलाही चित्र ठाऊक नसतं.
लाल आपलं लाल तेवढं फेकते, निळी निळं,
आरशावर आपटून तिघी पडद्याशी पोचतात,
आणि तिथं नेमक्या एकाच ठिपक्यावर पडल्या
तर बर्फ पांढरा दिसतो.
नाहीतर नाही.

माहितीपुस्तिका तिने पावाच्या पिशवीत जपलेली.
रायमोच्या पेन्सिलीच्या खुणा पानोपानी.
‘चित्रात चित्र’ याच्याखाली दोन रेघा.
‘हे माझ्यासाठी घेतलंन त्याने.
शनिवारी पडदाभर हॉकी,
आणि खाली कोपऱ्यात, पोस्टकार्डाएवढी, माझी मालिका.
आवाज हॉकीचा.
तेरा वर्षं मी त्या डॉक्टरणीचे ओठ वाचले.
कोण कुणाला सोडून गेलं ते कळायचं.
का, ते नाही.’

ती बसायची जिन्याखाली, मोज्यांची लोकर घेऊन.
आणि या पडद्याची एक खोड आहे,
पुस्तिकेत अगदी बारीक अक्षरात:
समोर बसाल तर दुपार,
बाजूला सराल तर कातरवेळ.
‘मला वाटायचं, टीव्ही असाच असतो,’ ती म्हणाली.
‘आपल्या नोव्हेंबरसारखा.’

रायमो मार्चमध्ये गेला.
एप्रिलात ती त्याच्या खुर्चीत बसली, सहज,
गादीखाली चष्मा सापडतो का बघायला,
आणि मान वर केली.
‘एवढा उजेड होता, ओरेस्ट!
एवढा सगळा, आणि बोलला नाही कधी.’
मग लोकरीचा गुंडा उगाच उलटसुलट करत,
‘काय बोलणार म्हणा.
त्याला वाटलं असेल, मलाही तेवढंच दिसतंय.’

मी पडद्यावर रेघांची जाळी आणली.
तिला म्हटलं, समोर बस, लाल रेघ पांढऱ्यात बुडाली की सांग.
‘अजून. अजून जरा. गेली पुढे. मागे घे.’
अर्धा तास असा.
आमच्या घरात इतकं समजुतीनं कुणी बोलत नाही.

रिमोट तपासायला घेतला.
आवाजाच्या बटणावरची अक्षरं पार झिजलेली,
अंगठ्याचा खळगाच पडलेला.
एक बटण मात्र कोरं, दुकानातून आणल्यासारखं.
‘हे कशाचं?’
‘अदलाबदलीचं. मोठं चित्र कोपऱ्यात जातं,
कोपऱ्यातलं मोठं होतं. आवाजासकट.’
ती बराच वेळ त्या बटणाकडे बघत राहिली.
‘हे कधीपासून आहे?’
‘पहिल्यापासून.’

तिने पैसे मोजून दिले,
वर वेलदोड्याचा पाव, फडक्यात बांधून, गरम.
मी अवजारांची पेटी उचलली.
जिन्याच्या वळणावर होतो
तेव्हा खालून एक बाई बोलू लागली, ठणठणीत आवाजात,
कुणाला तरी कारण सांगत.

वाकून पाहिलं.
तिथून पडदा काळाच दिसतो.
हिल्काचा चेहरा तेवढा दिसला.